घर्षण शून्य धरल्यास

बँकेच्या कर्ज-विभागात काही वर्षं काढली की माणूस बोलायला लागल्याबरोबर डोक्यात आपोआप दोन रकाने पडतात. एकात तो काय म्हणतो ते, दुसऱ्यात त्या म्हणण्याला तारण काय ते. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत दुसरा रकाना भरायचं मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं. श्रीरंग गणिती. त्याच्या बोलण्याला तारण नसतं, गृहीतकं असतात.

"गॅस नोंदवलास?"

"उघड आहे."

म्हणजे नोंदवलेला नाही. पण नोंदवता येण्यासारखा आहे, आणि जे करता येण्यासारखं आहे ते गणित्यांच्या हिशोबी झाल्यातच जमा. मग दोन दिवस आम्ही खालून ठकुबाईंच्या स्टोव्हवर भात शिजवून आणायचा.

ठकुबाई म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. मल्लेश्वरमला त्यांच्या माडीवर आम्ही भाड्याने राहत होतो. त्यांचे यजमान आप्पाजी. ही मंडळी बंगलोरात इतकी जुनी, की त्यांच्या मराठीपुढे आम्ही पुणेकरच उपरे वाटायचो. आप्पाजी मला अक्का म्हणत आणि श्रीरंगला प्रोफेसरसाहेब. तो प्रोफेसर नव्हता, पीएच. डी.चा जुनाट विद्यार्थी होता. पण आप्पाजींना वाटे, एवढा वेळ लावतोय म्हणजे मोठंच काहीतरी असणार.

सत्त्याण्णवच्या मार्चपर्यंत ते मोठं काहीतरी जवळजवळ संपलं होतं. प्रबंध पाठवून झाला होता. पुण्याच्या एका कॉलेजात श्रीरंगची निवड झाली होती, अट एकच: जूनमध्ये रुजू होताना पदवी हातात हवी. त्या भरवशावर मीही पुण्याला बदली मागून घेतली होती, आणि बँकेने चक्क दिली होती. आता फक्त तोंडी परीक्षा व्हायची बाकी.

आणि परदेशातल्या परीक्षकाचा अहवाल आला. तीन पानं स्तुती आणि शेवटी एक परिच्छेद. चौथ्या प्रमेयात घर्षण शून्य धरलं आहे. प्रत्यक्षात ते शून्य नसतं. तेव्हा घर्षण असतानाही प्रमेय टिकतं हे दाखवावं, नाहीतर प्रमेय मागे घ्यावं. तोवर तोंडी परीक्षा नाही.

"मग दाखव," मी म्हटलं.

"दाखवायचं काय त्यात? घर्षण थोडं असलं तर फरकही थोडाच पडेल. उघड आहे."

ते दोन शब्द ऐकले आणि मी आधी बदलीचा कागद कपाटात नीट आहे ना ते पाहून आले.

चौथं प्रमेय मला तोंडपाठ होतं, कारण सहा वर्षं ते आमच्या घरात पोटभाडेकरूसारखं राहत होतं. लाट कुठलीही असो, प्रकाशाची की आवाजाची, तिची एक लांबी असते. त्या लांबीच्या निम्म्याहून जवळ असलेल्या दोन गोष्टी लांबून वेगळ्या दिसत नाहीत, एकच धब्बा दिसतो. दुर्बिणीचं भिंग कितीही घासा. कारण बारीक तपशील लाटेबरोबर लांब जातच नाही, उगमापाशीच विरतो. ठकुबाईंच्या फोडणीत मोहरी आधी पडली की जिरं, हे चुलीजवळ कळतं. रस्त्यावर नुसतं एवढंच कळतं की आप्पाजींकडे काहीतरी शिजतंय.

श्रीरंगचं म्हणणं असं, की उगमाला अगदी चिकटून छोटे छोटे घुमणारे पोकळ डबे ठेवा. विरण्याआधीच तो तपशील ते डबे पकडतील, त्याच्यावर घुमायला लागतील, आणि त्यांचं घुमणं मात्र लांबवर जाईल. लांबचा माणूस ते घुमणं ऐकून तपशील परत मांडू शकेल. आणि प्रमेयाचा शेवट असा, की डबे पुरेसे दाट ठेवले तर कितीही बारीक तपशील मिळेल. या 'कितीही'वर त्याचा फार जीव. कर्ज मागायला आलेला माणूस 'कितीही' म्हणाला की मी अर्ज बाजूला ठेवते, पण घरात माझं कोण ऐकतं?

"सिद्ध करत बसायला वेळ नाही," असं म्हणून त्याने सरळ प्रयोग करायचं ठरवलं. गणित्याने प्रयोग करायचा म्हणजे कृष्णातने करायचा. कृष्णात गडहिंग्लजचा, इथे एका कारखान्याच्या ध्वनी-प्रयोगशाळेत इंजिनियर. शब्दाला पक्का, फक्त शब्द जरा जास्तच.

"डबं कशाला, थंड पेयाच्या बाटल्या घिऊ," तो म्हणाला. "सगळ्या एकसारख्या, फुंकलं की घुमत्यात. त्यांच्या सुराची लाट पावणेदोन मीटरची. बाटल्या खेटून मांडल्या की एकीपासनं दुसरी सात सेंटिमीटरवर. तुझं बारीक ते हेच की रं?"

"पण भिंती नकोत. भिंतीवरून आवाज परत येतो."

भिंती नसलेली जागा आप्पाजींकडे होती. एचएसआर लेआउटमध्ये त्यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तेव्हा तिथे चौकोनी रस्ते, सीमेचे दगड आणि गवत, एवढंच होतं. बाटल्याही आप्पाजींनीच शेट्टींच्या दुकानातून क्रेट भरभरून आणवल्या.

"घर बांधायच्या आधी जागेत विद्या झाली म्हणजे चांगलं की हो, अक्का," ते मला म्हणाले. "शांतीचा खर्च वाचला."

एका रविवारी उजाडता उजाडता आम्ही प्लॉटवर पोचलो. वारा नव्हता. बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या बाजूने बेडूक ओरडत होते, त्यावर श्रीरंग इतका वैतागला की जणू बेडकांनी त्याच्या परीक्षकाशी संधान बांधलं होतं. बाटल्या चौकोनात खेटून मांडल्या. कृष्णात एकेका बाटलीच्या तोंडावर अंगठ्याएवढा स्पीकर धरायचा, टिचकीसारखा आवाज सोडायचा, आणि प्लॉटच्या टोकाला ठेवलेला मायक्रोफोन तो टेपवर टिपायचा. मग संगणकाला विचारायचं: फक्त लांबचं ऐकून सांग, स्पीकर कुठल्या बाटलीवर होता?

संगणकाने काय सांगितलं ते गुरुवारी कळलं. स्पीकर तीन बाटल्या पलीकडे नेला तर संगणक बिनचूक ओळखत होता. शेजारच्या बाटलीवर नेला तर दोन्हींना एकच उत्तर देत होता.

"मग जमलं की!" मी म्हटलं. "तीन बाटल्या म्हणजे लाटेचा आठवा हिस्सा. निम्म्यावरून आठव्यावर आलास."

श्रीरंगने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू शंभर मार्कांच्या पेपरात पस्तीस मिळाल्याबद्दल पेढे वाटत होते.

"प्रमेय 'कितीही' म्हणतंय, श्यामला. शेजारची बाटली वेगळी दिसलीच पाहिजे."

"मग दिसत का नाही?"

"बाटल्या खराब आहेत."

बाटल्या तपासल्या. आत मुंग्या निघाल्या. तळाला साखरेचं किटण होतं. ठकुबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा जीव वर-खाली झाला.

"अहो, असल्या घाण बाटल्यांत तुमचं शास्त्र कसं येईल? द्या इकडे."

त्यांनी अंगणात बसून एकूण एक बाटली सोडा आणि गरम पाण्याने धुतली, उन्हात उपडी वाळवली. शेट्टी बाटल्या परत मागायला आले तर त्यांनाच दोन हासडल्या. पुढच्या रविवारी पुन्हा प्लॉट, पुन्हा बेडूक, पुन्हा टिचक्या. बाटल्या लखलखत होत्या. उत्तर तेच.

मग श्रीरंगने दोष द्यायची यादी हातात घेतली आणि वरून खाली आला. दव. टेप. मायक्रोफोनची तार. कृष्णातचा हात थरथरतो. आप्पाजी मध्येच खोकतात.

"खोकलो नाही हो," आप्पाजी दुखावून म्हणाले. "स्वल्प घसा साफ केला. तेही टिचकी संपल्यावर."

"टिचकी संपत नसते, आप्पाजी! बाटल्या नंतरही घुमत असतात!"

तिसऱ्या रविवारी कृष्णातचा बांध फुटला. तो बाटल्यांमध्ये उकिडवा बसला होता, गुडघ्याला चिखल, कानाला हेडफोन.

"कृष्णात, जास्त वेळ रेकॉर्ड कर," श्रीरंग पलीकडून ओरडला. "प्रत्येक वेळी तू लवकर बंद करतोस. माझ्या प्रमेयात अनंत काळपर्यंत ऐकायचंय."

"तुझ्या प्रमेयात असंल लेका! हितं पाव सेकंदानंतर नुसती खरखर हाय. अनंत काळ खरखर ऐकायची तर घरी रेडिओ हाय माझ्या."

"पाव सेकंद?"

"त्याहून थोडं कमीच. सगळ्या बाटल्या गप."

"सगळ्या? बारीक सूरसुद्धा?"

"बारीक सूर तर आधी गप हुत्यात. ते बाहेर येतच न्हाईत. वहिनी, ह्याला सांगा काहीतरी, न्हाईतर मी ह्याला बाटलीत घालतो."

मी काही सांगायच्या आत श्रीरंग मटकन सीमेच्या दगडावर बसला.

"प्रोफेसरसाहेब, त्यावर नको," आप्पाजी म्हणाले. "दगड कालच बसवलाय. हलला तर शेजारी भांडायला येईल."

तो उठला नाही. त्याने कृष्णातकडून कागद मागून घेतला, मग पेन मागून घेतलं, मग आम्ही आहोत हे विसरला. बाटल्या क्रेटमध्ये आम्हीच भरल्या. परतीच्या सबंध रस्त्यात तो गुडघ्यावर कागद धरून खरडत राहिला. सहा वर्षांत इतकी शांतता मी प्रथमच ऐकत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडली.

दुसऱ्या दिवशी उपम्यावर चमचा थांबवून तो म्हणाला, "चौथं प्रमेय खोटं आहे."

"म्हणजे?"

"सगळ्या बाटल्या मिळून घुमतात ना, त्यांच्या घुमण्याच्या तऱ्हा असतात. ढोबळ तऱ्हा पटकन बाहेर पडते. बारीक तऱ्हा बाटल्यांमध्येच घोटाळत राहते, फार हळूहळू बाहेर झिरपते. जितकी बारीक, तितकी हळू. आणि घर्षण तर सगळ्यांना सारख्याच वेगाने खात असतं. म्हणजे जिला बाहेर पडायला सर्वांत जास्त वेळ लागतो तीच आधी मरते."

हे मला लगेच पटलं. आमच्याकडेही जो अर्ज सर्वांत जास्त टेबलांवरून फिरतो तोच गहाळ होतो.

"मी घर्षण आधी शून्य केलं आणि मग बारीक तपशील मागितला," तो म्हणाला. "करायला हवं होतं उलट. उलट केलं की 'कितीही' उडतं. बाटली जशी, तशी एक हद्द ठरते. तिच्याखाली काही नाही. कधीच नाही. मी तिथे एका ओळीत लिहून टाकलं होतं की हे उघड आहे."

मला दया आली, नाही असं नाही. पण एप्रिल संपत आला होता. मी त्याच्या मार्गदर्शक सरांचं मत विचारलं. सर व्यवहारी होते. त्यांनी सांगितलं होतं, बाटल्यांचं चित्र प्रबंधात घाला, खाली टीप द्या की घर्षण अल्प असताना प्रयोगाने प्रमेयाला पुष्टी मिळते, आणि पाठवून द्या. परीक्षकाला तेवढंच हवंय.

"मग टाक," मी म्हटलं.

"काय टाक?"

"टीप. चित्र खोटं आहे का?"

"नाही."

"आठवा हिस्सा दिसतो की नाही?"

"दिसतो."

"तीन पानं स्तुती करणाऱ्या परीक्षकाला तेवढं पुरे. टाक ती टीप, जूनमध्ये रुजू हो, आणि मग पुण्यात बसून काय ती हद्द-बिद्द शोध. तुझं दुसरं संशोधन होईल ते."

"पण चित्राच्या वरच प्रमेय 'कितीही' म्हणतंय."

"वाचणार कोण आहे?"

"मी," तो म्हणाला.

बघा माणसाचा हिशोब. या माणसाने गॅस नोंदवला नाही, विम्याचा अर्ज भरला नाही, माझ्या भावाच्या लग्नात अंतरपाट धरायला उभा राहून मध्येच खिशातला कागद काढून वाचला. सहा वर्षं प्रत्येक गोष्ट 'उघड आहे' म्हणून सोडून दिली. आणि एकदाच, जिथे सोडून देणं सगळ्यांच्या सोयीचं होतं, तिथे हा एका शब्दावर अडून बसला. प्रामाणिकपणा असा घाऊक येऊ नये. किरकोळीत, रोजच्या रोज आला तर संसाराला उपयोगी पडतो.

मी भांडले. चांगलं मन लावून भांडले. ठकुबाई खालून काठीने छताला ठोकेपर्यंत भांडले. दुसऱ्या दिवशी आप्पाजी जिन्यात गाठून म्हणाले, "अक्का, प्रमेय मोडलं म्हणतात. मग त्या आमच्या प्लॉटचा दोष नाही ना?"

"नाही हो, आप्पाजी. घर्षणाचा दोष आहे."

"सरी, सरी, बरं झालं. घर्षण काय, सगळ्यांच्याच घरी असतं."

मे महिना त्याने नवं प्रमेय लिहिण्यात घालवला. जुनं अडीच ओळींचं होतं, देखणं होतं. नव्यात दीड पान असमानता, म्हणजे 'याहून कमी, त्याहून जास्त'; त्यात घर्षण, बाटलीच्या गळ्याची रुंदी, बाटल्यांची संख्या, आणि शेवटी एक असा भागाकार की तो लिहिताना श्रीरंग दात दुखत असल्यासारखं तोंड करायचा. कृष्णात येऊन बघून गेला.

"आधीचं चांगलं हुतं रं. हे म्हंजे वरातीनंतरचा मांडव."

"पण तुझ्या बाटल्यांसाठी यातून काय येतं माहितीये? लाटेचा सातवा ते नववा हिस्सा."

"आन आपल्याला आला आठवा!" कृष्णात उडालाच. "म्हंजे माझा हात थरथरत नव्हता!"

"नव्हता," श्रीरंग म्हणाला. माफी वगैरे नाही. पण ज्या माणसाला सव्वा महिना शिव्या घातल्या त्याला एवढं मिळालं, हेही आमच्या घरी नवीनच.

जूनमध्ये पुण्याहून फोन आला. पदवी कधी? श्रीरंगने खरं सांगितलं, ऑगस्टशिवाय नाही. कॉलेजने शांतपणे दुसऱ्या उमेदवाराला घेतलं. मी बँकेत जाऊन बदली नाकारल्याचं लिहून दिलं. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, मागायला तुम्हीच आला होतात." काय सांगणार? बाटल्या आधी गप झाल्या म्हणून? घरगुती अडचण, असं लिहिलं. खोटं नव्हतं.

ऑगस्टमध्ये तोंडी परीक्षा झाली. मद्रासहून एक बाई परीक्षक आल्या होत्या; बारीक चणीच्या, कडक कांजीवरमच्या, चष्मा दोरीला. मी रजा टाकून मागच्या रांगेत बसले. शेजारी कृष्णात, इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचीच परीक्षा असल्यासारखा घामाघूम.

श्रीरंगने फळ्यावर सगळं मांडलं. डबे, बाटल्या, दीड पान. बाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी त्यांनी जुन्या प्रबंधाची प्रत उघडली, एका पानावर बोट ठेवलं आणि इंग्रजीतून विचारलं:

"इथे तुम्ही म्हणता, कितीही बारीक. आज म्हणता, एक हद्द आहे. दोन्ही खरं असू शकत नाही. कुठलं धरू?"

खोलीत सर होते, विभागप्रमुख होते, विद्यार्थी होते. सरांनी घाईने, "म्हणजे आदर्श परिस्थितीत..." अशी सुरुवात केली. हातात दोर फेकला होता. धरला की माणूस काठावर. श्रीरंगला 'मी चुकलो' म्हणताना मी आजवर ऐकलं नव्हतं. मीठ जास्त पडलं तर तो जिभेला दोष देतो.

"आजचं धरा," तो म्हणाला. "आधीचं चूक आहे. तिथे जी पायरी मी उघड म्हणून सोडली, ती चूक आहे."

बाईंनी चष्मा काढला.

"गंमत सांगू?" त्या म्हणाल्या. "हा जुना प्रबंध माझ्याकडेही आला होता. मी चौथं प्रमेय दोनदा वाचलं आणि मान्य केलं. मलाही ते उघडच वाटलं होतं. परदेशातल्या परीक्षकांनीही फक्त घर्षणाचं विचारलं होतं. चूक आहे असं त्यांनीही म्हटलेलं नाही." मग त्या हसल्या. "तुम्ही सांगितलं नसतं तर आमच्यापैकी कोणालाच कळलं नसतं."

पदवी मिळाली. चहा झाला, केळ्याचे वेफर्स झाले, सरांनी पाठ थोपटली. कृष्णात बाईंना बाटल्या कशा धुतल्या ते सांगत होता आणि बाई मन लावून ऐकत होत्या.

रिक्षात बसल्यावर मी आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं.

"ऐकलंस ना, काय म्हणाल्या त्या? त्यांनासुद्धा दिसलं नव्हतं! दोनदा वाचून! मी एप्रिलमध्ये तुला नेमकं हेच सांगत होते. कोणालाच कळलं नसतं, श्रीरंग. आज आपण पुण्यात असतो. कर्वे रोडला आपलं घर असतं. त्यांनासुद्धा दिसलं नव्हतं!"

श्रीरंग माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा इतका फुलला होता, की क्षणभर मला वाटलं, अखेर याला माझं म्हणणं पटलं.

"हो ना!" तो म्हणाला. "त्यांनासुद्धा दिसलं नव्हतं!"